हृदयाची झडप आणि पंचाण्णव टक्के गुण

संगणक आता हृदयाची झडप मोजतो, आणि तीही डॉक्टरांपेक्षा वेगाने, अशा आशयाच्या बातम्या गेल्या काही वर्षांत अधूनमधून वाचायला मिळतात. बातमीमागे बहुधा एखादा शोधनिबंध असतो आणि निबंधात एक आकडा असतो : ०.९५, ०.९६, क्वचित ०.९८. पंचाण्णव टक्के मिळवणाऱ्या विद्यार्थ्याचे आपण कौतुक करतो. त्याच सवयीने या आकड्याचेही कौतुक होते. आकडा खोटा असतो असे आम्ही म्हणत नाही. पण हे गुण नेमके कोणत्या विषयाचे, आणि रुग्णाचे ज्यावर अवलंबून आहे तोच तो विषय का, हे तपासून पाहायला हवे. आम्ही हृदयरोगतज्ज्ञ नाही. प्रतिमांवरून मापे घेणे हे आमचे काम, आणि त्या बाजूने जे दिसते तेवढेच येथे मांडत आहोत.

आधी झडपेविषयी थोडे. डाव्या जवनिकेतून (नव्या पाठ्यपुस्तकांत तिला डावे निलय म्हटले आहे) शुद्ध रक्त महारोहिणीत शिरते, त्या तोंडाशी तीन पाकळ्यांची झडप असते. उतारवयात काही जणांच्या या पाकळ्यांवर कॅल्शियम साचते, त्या ताठ होतात आणि रक्ताची वाट अरुंद होते. चालताना धाप लागते, छातीत दुखते, भोवळ येते. ही लक्षणे एकदा दिसू लागली आणि झडप बदलली नाही, तर पुष्कळसे रुग्ण दोन-तीन वर्षांपलीकडे जात नाहीत. साचलेले कॅल्शियम कोणत्याही औषधाने विरघळत नाही. छाती उघडून झडप बदलणे हा एकच उपाय पूर्वी होता, आणि ज्यांना त्याची सर्वांत अधिक गरज त्या वृद्ध, अशक्त माणसांनाच तो झेपत नसे.

१६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधील रुआँ येथे आलँ क्रिबिए या हृदयरोगतज्ज्ञाने ५७ वर्षांच्या एका अत्यवस्थ रुग्णाच्या मांडीतील शिरेतून नळी सरकवत हृदयापर्यंत नेली आणि घडी केलेली झडप तेथे फुग्याने फुलवून बसवली. छाती उघडावी लागली नाही. या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘टावी’ म्हणतात. शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा ३५८ रुग्णांवरील ‘पार्टनर’ चाचणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ५०.७ टक्के रुग्ण वर्षभरात दगावले होते, तर नळीवाटे झडप मिळालेल्यांपैकी ३०.७ टक्के. २०१९ पर्यंत कमी जोखमीच्या रुग्णांसाठीही ही पद्धत चांगली असल्याचा पुरावा पुढे आला. आपल्याकडे गुजरातेतील वापी येथे मेरिल कंपनी ‘मायव्हॅल’ नावाची अशी झडप बनवते. आज बहुतेक रुग्णांत नळी मांडीच्या रोहिणीतून नेली जाते.

आता मापाचा प्रश्न. छाती उघडणाऱ्या शल्यविशारदाला झडपेची जागा डोळ्यांना दिसते. तो तेथे मापाची गोल खुंटी बसवून पाहतो आणि मग योग्य ती झडप टाक्यांनी शिवतो. टावीत जागा दिसत नाही आणि टाकेही नसतात. नवी झडप केवळ भोवतालच्या भिंतीवरील दाबाने जागच्या जागी राहते. ती लहान पडली तर कडेने रक्त गळत राहते, कधी झडपच निसटते. मोठी झाली तर भिंत फाटू शकते, आणि ते बहुधा प्राणावर बेतते. हृदयाचे ठोके नियमित ठेवणारे विद्युतवाही तंतू तेथून जवळच जातात. त्यांच्यावर दाब आला तर रुग्णाला पेसमेकर बसवावा लागतो. थोडे वरच्या बाजूला हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या दोन वाहिन्यांची तोंडे आहेत. ती फार खाली असतील, तर बाजूला सरकवलेली जुनी पाकळी तोंड बंद करू शकते. हे सर्व अंदाज नळी घालण्यापूर्वी सी. टी. स्कॅनवरून करावे लागतात.

त्यांत मुख्य माप झडपेच्या वलयाचे. गंमत अशी, की हे वलय अंगठीसारखे वेगळे काढून दाखवता येईल असे नसते. तीन पाकळ्या भिंतीला जेथे सर्वांत खाली चिकटलेल्या असतात ते तीन बिंदू घ्यायचे, त्यांतून एक प्रतल कल्पायचे आणि त्या प्रतलात पोकळीची जी कडा दिसेल तिला वलय म्हणायचे. तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते हे भूमितीच्या शिक्षकांना सांगायला नको. एक बिंदू चुकला की सगळे प्रतल कलते.

हे वलय सहसा गोल नसते, लंबवर्तुळाकार असते. सुरुवातीच्या वर्षांत माप सोनोग्राफीच्या सपाट चित्रावरून घेत, आणि त्यात बहुधा आखूड व्यास दिसे. समजा वलय २१ मिलिमीटर रुंद आणि २७ मिलिमीटर लांब आहे. २१ व्यासाचे वर्तुळ मानले तर क्षेत्रफळ ३४६ चौरस मिलिमीटर येते. लंबवर्तुळाचे खरे क्षेत्रफळ येते ४४५. ‘सेपियन ३’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या झडपेच्या तक्त्यात ३३८ ते ४३० चौरस मिलिमीटरला २३ क्रमांकाची झडप, तर ४३० ते ५४६ ला २६ क्रमांकाची. म्हणजे नुसत्या मोजण्याच्या पद्धतीने झडपेचा क्रमांक बदलला. सी. टी. वरून त्रिमितीय माप घेण्याची पद्धत रूढ झाल्यावर कडेची गळती कमी झाली, ती उगाच नव्हे.

या मापाला अनुभवी माणसालाही पंधरा-वीस मिनिटे लागू शकतात. तेथे डीप लर्निंग येते. (त्याला ‘सखोल शिक्षण’ असा प्रतिशब्द काही जण वापरतात. शिक्षकांच्या मासिकात तो वापरला तर भलताच घोटाळा होईल, म्हणून मूळ शब्दच बरा.) कृत्रिम चेतापेशींच्या एकावर एक अनेक थरांचे जाळे संगणकात रचतात. त्याला शेकडो स्कॅन दाखवतात, आणि प्रत्येकासोबत तज्ज्ञाने हाताने आखलेली कडा. जाळ्याने काढलेली कडा आणि तज्ज्ञाची कडा यांतील फरक घटत जाईल अशा रीतीने आतले लाखो गुणांक थोडेथोडे बदलत नेतात. जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठातील गटाने २०१५ साली ‘यू-नेट’ नावाची अशी एक रचना मांडली. वैद्यकीय प्रतिमांत अवयवांच्या कडा आखण्याच्या कामात तिची अनेक भावंडे आज वापरात आहेत.

आखलेली कडा बरोबर की चूक हे ठरवायला डाइस गुणांक वापरतात. ली डाइस हे मिशिगन विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ. १९४५ साली त्यांनी दोन जाती निसर्गात कितपत एकत्र आढळतात हे मोजण्यासाठी हे सूत्र सुचवले. प्रतिमाशास्त्राने ते उसने घेतले. दोन आकृत्यांचा सामाईक भाग दुप्पट करायचा आणि दोन्ही क्षेत्रफळांच्या बेरजेने भागायचे. आकृत्या तंतोतंत जुळल्या तर उत्तर १, मुळीच जुळल्या नाहीत तर ०.

वर्गात आलेख कागदावर हे करून पाहता येईल. १२ मिलिमीटर त्रिज्येचे एक वर्तुळ काढा; हे तज्ज्ञाचे वलय. त्याच केंद्रातून ११.५ त्रिज्येचे दुसरे काढा, हे यंत्राचे. सर्व बाजूंनी फरक अर्धा मिलिमीटर, म्हणजे सी. टी. प्रतिमेतील साधारण एका ठिपक्याएवढा. क्षेत्रफळे ४५२ आणि ४१५. लहान वर्तुळ मोठ्यात पूर्ण सामावले आहे, म्हणून सामाईक भाग ४१५. डाइस गुणांक येतो ८३० भागिले ८६७, म्हणजे ०.९५७. निबंधात हा आकडा ठळक अक्षरांत छापला जाईल. आता वरचा तक्ता पुन्हा पाहा. तज्ज्ञाच्या मापाने २६ क्रमांकाची झडप, यंत्राच्या मापाने २३ क्रमांकाची. पंचाण्णव टक्क्यांहून अधिक गुण मिळवून यंत्र एकुलत्या एक प्रश्नात नापास झाले आहे.

झडपांचे क्रमांक अधिक जवळजवळ असतील तर ही अडचण वाढते. मायव्हॅलच्या मापांत २३ आणि २६ यांच्यामध्ये २४.५ आहे. रुग्णाच्या दृष्टीने ही सोय चांगली, पण २३ आणि २४.५ व्यासांच्या वर्तुळांतील फरक अवघा ५६ चौरस मिलिमीटर भरतो, आणि आपल्या उदाहरणातील चूक होती ३७ ची. कपाटात मापे बारीक ठेवायची तर मोजपट्टीही तितकीच बारीक हवी.

पुष्कळ निबंधांत गुणांक वलयाचा नसतोच. महारोहिणीच्या संपूर्ण मुळाचा आणि वरच्या नळीचा मिळून असतो. समजा ६० मिलिमीटर लांबीची नळी आहे आणि यंत्राने खालची २ मिलिमीटर सोडून दिली. बाकी सर्व अचूक. गुणांक येतो ११६ भागिले ११८, म्हणजे ०.९८. परंतु वलय नेमके त्या सोडलेल्या टोकाशी आहे, आणि तेथे पोकळीचा आकार मिलिमीटरा-मिलिमीटराला बदलतो. उत्तरपत्रिकेतील सोपे प्रश्न इतके की अवघड प्रश्न सोडून दिला तरी टक्केवारीला धक्का लागत नाही, असा हा प्रकार आहे.

डाइसनंतर क्रम लागतो सहसंबंध गुणांकाचा. ‘यंत्राची मापे आणि तज्ज्ञाची मापे यांतील सहसंबंध ०.९८’ हे वाक्य आम्ही परीक्षणासाठी आलेल्या हस्तलिखितांत इतक्या वेळा वाचले आहे, की आता ते शोधावेही लागत नाही. एखादा तराजू प्रत्येक वस्तू दोनशे ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर त्याच्या आणि खऱ्या वजनांच्या सहसंबंधाचे उत्तर पूर्ण १ येईल. भाजी घेणारी बाई मात्र असा तराजू चालवून घेणार नाही. ब्लँड आणि ऑल्टमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये ही गफलत स्पष्ट करून दाखवली. त्यांनी सुचवलेली रीत साधी आहे : प्रत्येक रुग्णामागे दोन मापांतील वजाबाकी करा, त्या वजाबाक्यांची सरासरी आणि विखुरण पाहा, आणि शंभरांतले पंचाण्णव फरक कोणत्या मर्यादांत पडतात ते सांगा. सरासरी फरक शून्य येऊ शकतो, कारण अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकतात. पण फरकांचे प्रमाण विचलन २० चौरस मिलिमीटर असेल, तर मर्यादा जवळजवळ उणे ४० ते अधिक ४० पर्यंत जातात. रुग्णाला सरासरी झडप बसवत नाहीत.

तेव्हा निबंधकर्त्यांनी खरे तर एक साधा तक्ता द्यावा. तज्ज्ञाच्या मापाने कोणता क्रमांक निघाला, यंत्राच्या मापाने कोणता. किती रुग्णांत दोन्ही जुळले, किती ठिकाणी एक पायरी चुकली, कोठे दोन. सोबत सर्वांत वाईट पाच स्कॅनची चित्रे छापावीत. काही गट असा तक्ता देतात, हे नोंदवले पाहिजे. ते आणखी एक चांगली गोष्ट करतात : दोन तज्ज्ञांकडून तेच स्कॅन स्वतंत्रपणे मोजून घेतात, आणि यंत्र व माणूस यांतला फरक हा माणूस व माणूस यांतल्या फरकापेक्षा मोठा आहे की लहान, ते सांगतात. कारण माणसेही चुकतात. थकलेला माणूस एकच स्कॅन सकाळी आणि संध्याकाळी वेगळा मोजतो. शिकून झालेले यंत्र त्याच स्कॅनला तेच उत्तर देते. हा गुण लहान नाही. योग्य मोजमापांविषयी एका मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाने ‘मेट्रिक्स रीलोडेड’ या नावाने तपशीलवार मार्गदर्शन २०२४ साली ‘नेचर मेथड्स’मध्ये प्रसिद्धही केले आहे. म्हणजे आम्ही येथे जी तक्रार करतो आहोत ती आमच्या एकट्याची नाही. तरी ०.९५ ची सवय सुटत नाही, कारण तो आकडा लहान आहे, बातमीच्या मथळ्यात मावतो, आणि पुढच्या गटाला ०.९६ काढून दाखवण्याची सोय ठेवतो.

दुसरा आक्षेप परीक्षेच्या पद्धतीवर आहे. अपेक्षित प्रश्नसंच घोकून घेतलेल्या वर्गाची परीक्षा त्याच संचावर घेतली तर निकाल काय लागेल हे शिक्षकांना ठाऊक आहे. जाळे ज्या रुग्णालयातील स्कॅनवर शिकवले, त्याच रुग्णालयातील उरलेल्या स्कॅनवर त्याची चाचणी घेणे हे त्याच जातीचे आहे. यंत्र तेच, काँट्रास्ट द्रव्य सोडण्याची रीत तीच, आखणारा तज्ज्ञही तोच. २०१८ साली अमेरिकेत छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या एका जाळ्याची तपासणी झाली. त्यात आढळले की एक्स-रे कोणत्या रुग्णालयातून आला हेच जाळे जवळजवळ अचूक ओळखू शकत होते. ज्या रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण जास्त, तेथला एक्स-रे दिसला की अंदाज सोपा होतो. कोविडच्या साथीत तर अशा निबंधांचा पूर आला. २०२१ साली ‘नेचर मशीन इंटेलिजन्स’मध्ये केंब्रिजच्या गटाने २,२१२ लेखांची छाननी केली, त्यांतील ६२ बारकाईने तपासले, आणि रुग्णालयात वापरण्याजोगा एकही नाही असा निष्कर्ष काढला. झडपेच्या मापाचे काम त्याहून बरेच सरळ आहे, कारण येथे रोगाचे निदान नाही, फक्त कडा शोधायची आहे. म्हणून आमची अपेक्षाही जास्त आहे.

यावर नेहमी मिळणारे उत्तर असे, की अंतिम निर्णय डॉक्टरच घेतात, यंत्र केवळ कच्ची आखणी करून देते. उत्तर बरोबर आहे, पण अर्धे. जेथे रोज दोन-तीन टावी होतात तेथे आखणी तपासणारी अनुभवी नजर आहे. तेथे यंत्राने काही मिनिटे वाचतील, इतकेच. यंत्राची खरी गरज ज्या गावी अशी नजर नाही तेथे आहे, आणि तेथे त्याची चूक पकडणारेही कोणी नाही. शिवाय अनुभवी नजरही पुरेशी निर्धास्त नसते. २०२३ साली जर्मनीत २७ क्ष-किरणतज्ज्ञांना स्तनांचे एक्स-रे वाचायला दिले आणि सोबत संगणकाची म्हणून एक सूचना दिली. काही सूचना मुद्दाम चुकीच्या होत्या. चुकीची सूचना समोर असताना नवख्यांची अचूकता घसरली, आणि खूप अनुभवी तज्ज्ञांचीही मोठ्या प्रमाणात घसरली. कडा एकदा पडद्यावर आखलेली दिसली, की तिच्याजवळच खरी कडा आहे असे डोळ्याला वाटू लागते. तेव्हा ‘माणूस तपासेल’ असे म्हणणाऱ्या निबंधाने माणसाने प्रत्यक्ष तपासल्यावर किती चुका सुटल्या आणि किती राहिल्या, हेही मोजून दाखवावे.

शेवटचा मुद्दा आपल्याकडे अधिक महत्त्वाचा आहे. काही माणसांच्या या झडपेला जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या असतात. अशा झडपा अधिक लवकर ताठरतात, आणि आशियातील टावीच्या रुग्णांत त्यांचे प्रमाण पाश्चात्त्य चाचण्यांतील रुग्णांपेक्षा जास्त आढळते. मोठ्या सुरुवातीच्या चाचण्यांतून हे रुग्ण वगळलेले होते. संगणकाच्या अनेक निबंधांतही रुग्णनिवडीच्या परिच्छेदात, बारीक टाइपात, ‘दोन पाकळ्यांच्या झडपा वगळल्या’ असे वाक्य सापडते. वगळण्याला कारण आहे. अशा झडपेत माप वलयाच्या पातळीवर घ्यावे की काही मिलिमीटर वर, पाकळ्या जेथे जुळतात तेथे, याविषयी तज्ज्ञांतच एकमत नाही. मग यंत्राला शिकवायचे कोणते उत्तर? परंतु वगळलेला रुग्ण निबंधातून जातो, रुग्णालयातून जात नाही. तो आला, त्याचा स्कॅन यंत्राला दिला, तर जाळे थांबत नाही. त्याच्या रचनेत तीन बिंदू देण्याची सोय आहे, म्हणून तेथेही ते तीन बिंदू देते. पूर्ण विकसित दोनच पाकळ्या असतील तर भिंतीवर खालचे बिंदूही दोनच असतात. तिसरा बिंदू कोठून आला, याची नोंद पडद्यावर कोठेही येत नाही. येते ते प्रतल, त्याचे क्षेत्रफळ आणि शेजारी झडपेचा क्रमांक.